आत्याचं भ्या

ठकूआत्या गेली त्या दिवशी निरवांगीहून आलेल्या आमच्या भावकीतल्या आबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "शेवटाला लई भ्याली का रं?"

"न्हाय आबा. झोपेतच गेली."

"मग सुटली बिचारी," आबा म्हणाले. "जन्मात पयल्यांदा एक काम न भिता केलं म्हणायचं."

दुःखाच्या घरात हसू नये, पण ओट्यावर बसलेली माणसं हसली. मीही हसलो. आत माझी बायको सायली भिंतीला टेकून बसली होती. ती मात्र हसली नाही.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. निरवांगीची लेक, पणदऱ्याची सून. नवरा ऐन तारुण्यात गेला, मूलबाळ नव्हतं. दोन म्हशी, वाट्यानं लावलेला ऊस आणि तीन खोल्यांचं पत्र्याचं घर एवढा तिचा संसार. मला बारामती एमआयडीसीत एका दूध डेअरीत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला तिच्याकडे धाडलं. तिला सोबत आणि मला दोन वेळची भाकरी, असा सरळ हिशेब होता.

भिण्याची तिची एक ठरलेली रीत होती. आरडाओरडा नाही, रडारड नाही. हातातलं काम थांबायचं. उजवा पंजा बेंबीच्या वर सपाट ठेवायची आणि आज अमावास्या आहे असं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणायची, "मला भ्या वाटतंय." कशाचं, ते तिलाही ठाऊक नसायचं. मी कामाला निघताना गाडीला किक मारली की ती उंबऱ्यात यायची. "संपा, जरा थांब. भ्या वाटतंय." मग मी गाडी बंद करून उभा. ती रस्त्याकडे बघत राहायची. शेवटी पोटावरचा हात निघायचा. "जा आता." डेअरीत उशिरा पोचलो की सुपरवायझर माझ्याकडे न बघताच विचारायचा, "आज आत्याचं पोट का?"

बरं, बाई मुळातच भित्री म्हणावी तर तसंही नव्हतं. उसात बिबट्या दिसला म्हणून अख्खी वस्ती दारं लावून बसली होती, तेव्हा ही एकटी जाऊन म्हशींना वैरण टाकून आली. "त्याला दिसतंय की मी येतीया ते," म्हणाली. गोठ्यात नाग निघाला तर काठीनं त्याला वाट दाखवत बांधापर्यंत सोडून आली. तिच्या माहेरी, म्हणजे आमच्याच घरी, तेव्हा मेंढरं होती. पोरवयात तिनं लांडग्याच्या तोंडातलं कोकरू ओढून घेतलं होतं आणि त्या झटापटीची खूण तिच्या मनगटावर होती. हे सगळं सांगताना तिला काही विशेष वाटायचं नाही. ती भ्यायची ते घरातल्या गोष्टींना. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत अंगणात जाऊन उभी राहायची. आणि सगळ्यात जास्त भ्यायची ती खाण्याला. ओळखीच्या नसलेल्या, आपल्या भागात न पिकणाऱ्या, कुणी खात नसलेल्या खाण्याला.

"भाईरचं दिसतं," ती म्हणायची. "पोटात गेल्यालं कुणाला दिसतंय?"

एकदा मी हौसेनं बारामतीच्या मंडईतून मशरूमचा डबा आणला. तिनं तो उघडून पाहिला आणि पंजा पोटावर गेला. मी अंघोळ करून आलो तर डबा गायब.

"उकिरड्यावर टाकलं," आत्या म्हणाली. पण टाकल्यावर तिला भीती वाटली की कोंबड्या टोचतील. म्हणून ती काठी घेऊन तिथं उभी राहिली. मग वाटलं, आपण आत गेल्यावर कुत्रं खाईल. शेवटी गोठ्यामागं खड्डा खणून तिनं ती मशरूमं पुरली आणि वर धोंडा ठेवला. त्या धोंड्याजवळ म्हैस बांधायची नाही, हा नियम पुढे कायम राहिला. वस्तीवर ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बायका पाणी भरताना विचारायच्या, "ठकूबाई, कुणाला पुरलंय गं मागं?" आत्याही त्यांच्याबरोबर हसायची. पण धोंडा काही हलला नाही.

मग सायली आली. ती डेअरीच्या लॅबमध्ये कामाला होती. आमचं तिथंच जमलं आणि दोन्ही घरांनी फारसे आढेवेढे न घेता लग्न लावून दिलं. ती कर्जतकडची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. भाताचा आणि रानभाज्यांचा मुलूख. आमच्याकडे बाजरीची भाकरी, पिठलं, आमटी आणि पाहुणे आले तर मटणाचा रस्सा. बारामतीत पिझ्झा मिळतो, चायनीजच्या गाड्या तर जागोजागी आहेत, पण बिरड्याचे कडवे वाल मागितले की दुकानदार पावटा पुढे करतो. सायली तक्रार करायची नाही. फक्त कधी कधी जेवताना ताटाकडे बघत म्हणायची, "आमच्याकडे आता भारंगी आली असेल." मी मान हलवायचो. भारंगी काय असते ते मला आजही नीट ठाऊक नाही.

एके दिवशी कामावरून येताना तिनं रस्त्याकडेचा कोवळा पाला ओटीभर खुडून आणला. तिच्याकडे त्याला टाकळा म्हणतात, आमच्याकडे तरवटा. आमच्याकडे तो कुणी खात नाही. आत्या हादरलीच.

"अगं, ह्याला म्हशी तोंड लावत न्हाईत, आन तू खाणार?"

"आत्या, आम्ही दरवर्षी खातो. काही होत नाही हो."

सायलीनं कांदा घालून भाजी केली आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. आत्या घरात थांबलीच नाही. शेजारच्या शांताकाकूंच्या अंगणात जाऊन बसली आणि थोड्या थोड्या वेळानं कुंपणावरून ओरडायची, "संपा, हाय का रं बरी?" मी ओरडायचो, "हाय!" असं चार-पाचदा झाल्यावर सायलीला हसू आवरेना, घास नाकात गेला आणि तिला ठसका लागला. तो आवाज ऐकून आत्या पायांतली चप्पल तिथंच टाकून धावत आली.

त्या दिवशी सायलीनं तिला जवळ बसवून विचारलं, "एवढं कशाला घाबरता?" तेव्हा आत्यानं मेंढरांची गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकली. ती लहान होती. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात पुन्हा हिरवेगार कोंब फुटले होते. दिवसभराची उपाशी मेंढरं त्यात शिरली. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे तिच्या बापाला माहीत होतं, पण तो लांब मागं होता. तो पळत येईपर्यंत उशीर झाला. "चरता चरता उभी ऱ्हायली," आत्या म्हणाली. "तोंडं उघडी. जणू काय बोलायचं हाय. मग एकेक खाली." मग म्हणाली, "हिरवं लई चांगलं दिसत हुतं गं."

सायलीनं तिचा हात धरला. पुन्हा टाकळा मात्र आमच्या घरात आला नाही.

पुढच्या वर्षी सायलीला दिवस गेले. हे दुसऱ्यांदा. पहिलं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे घरात आनंद होता त्याच्या दुप्पट धाकधूक होती. डॉक्टरांनी सांगितलं, नोकरी थांबवा, लांबचा प्रवास करू नका. म्हणजे बाळंतपणाला माहेरी जाणंही बंद. आत्याचा पंजा त्या महिन्यांत पोटावरून निघालाच नाही. सायली मोरीकडे निघाली की ही आधी जाऊन फरशी पुसायची. रोज सकाळी तिचा चेहरा खिडकीजवळ नेऊन बघायची. "परक्याची लेक हाय," मला एकटं गाठून म्हणायची. "माझ्या दारात तिला काय झालं तर तिच्या आईला काय तोंड दावू?"

सातव्या महिन्यात सायलीला डोहाळा लागला तो शेवळांचा.

शेवळं म्हणजे ज्येष्ठात डोंगरउतारावर जमिनीतून वर येणारे कोंब. ती नुसती शिजवली तर घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. सायली हे सांगायची तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं. दुसरं काही तिला जाईना. मी मंडई पालथी घातली. कुणी सुरण दाखवला, कुणी अळकुड्या. एका भाजीवालीला मोबाइलवर फोटो दाखवला तर ती मागंच सरली. "हे तर सापाचं कणीस! आमच्यात ह्याला कोन हात लावत न्हाय."

मी मूर्खासारखं हे घरी येऊन सांगितलं. आत्यानं ऐकलं आणि विषय संपवला. "न्हाय म्हंजे न्हाय. पोटात जीव हाय."

सायली डोहाळा न पुरवलेली बाई जशी होते तशी झाली. दोन घास खाऊन उठायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा आत्यानं तिच्या आवडीच्या तांदळाच्या भाकरीचा प्रयत्न केला. भाकरी तव्यावरच फाटली. सायलीनं ती फाटकी भाकरी खाल्ली आणि रडली. आत्या पाहत होती. डोहाळा मारू नये, हेही तिच्या मनात तितकंच घट्ट बसलेलं होतं. दोन भीतींच्या मध्ये ती सापडली होती.

आणि मग तिनं जे केलं त्याला माझ्या मते हिंमतच लागते. शांताकाकूंच्या फोनवरून तिनं सायलीच्या आईला फोन लावून घेतला आणि शेवळं मागवली. कशी करायची ते विचारून घेतलं. हाताला तेल लावा, चिंच वापरा, काकडांचा रस भरपूर घाला, चांगली शिजवा. आईनं सगळं सांगितलं. निवडायची कशी ते तेवढं सांगितलं नाही. तिला ते सांगायचं असतं हेच सुचलं नसणार. त्यांच्याकडे ते पोरीसोरींनाही माहीत असतं.

आमच्या डेअरीचा टँकर मुंबईकडे जायचा. सायलीच्या भावानं खोपोलीला ड्रायव्हरच्या हाती पिशवी दिली. मी रात्रपाळी संपवून सकाळी ती घेऊन घरी आलो. सायली आशाताईबरोबर तपासणीला गेली होती. "तिला काय बोलू नगं," आत्या म्हणाली. "ताटात वाढल्यावरच बघू दे." तिचा आवाज थोडा कापत होता, पण चेहरा उजळला होता.

ती अंगणात सूप घेऊन बसली. मी ओट्यावर दात घासत होतो. आत्यानं तळव्यांना तेल चोळलं आणि एकेक शेवळ सोलायला घेतलं. वरची पानं काढली की आत खरोखर कणसासारखा दांडा होता. शेंडा जांभळा आणि खाली पिवळेधमक दाणे. जन्मभर ज्वारी-बाजरीची कणसं मळलेली ती बाई. दाणा टाकायचा असतो हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. तिनं अंगठ्यानं ते पिवळे दाणे अलगद सोडवले, सुपात गोळा केले, खाली पडलेलेही वेचून घेतले. मला ते दाणे फार देखणे वाटले. मी तसं म्हणालोही.

कर्जतकडे ते दाणे काढून फेकतात. सगळी खाज त्यांच्यातच असते.

दुपारी सायली आली. आत्यानं ताट वाढलं. भाजीचा वास आला आणि सायलीनं आधी ताटाकडे, मग आत्याकडे पाहिलं. "तुम्ही केलीत?" एवढंच म्हणाली. भाकरीचा मोठा तुकडा मोडून तिनं घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. खूप दिवसांनी ती अशी भुकेनं जेवत होती. मी अजून हात धुतच होतो.

मग ती थांबली. तिनं जीभ बाहेर काढली. "आत्या, पिवळं..." एवढं बोलली आणि पुढचं बोलता येईना. दोन्ही हात गळ्याला गेले. ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजत गेले. ती श्वास घ्यायची तेव्हा घशातून बारीक आवाज यायचा. तोंड उघडं होतं, डोळे आमच्यावर लागलेले.

मी आत्याकडे पाहिलं. तिचा पंजा पोटावर नव्हता. दोन्ही हात नुसते लोंबकळत होते. तिला काय दिसत असेल ते मला कळलं.

शांताकाकूंच्या मुलाची पिकअप गाडी दारात होती. मी सायलीला पुढे घेतलं, आत्या मागं हौद्यात चढली. पणदरे ते बारामती हा माझा रोजचा रस्ता. त्या दिवशी तो संपेना. उसाचे ट्रॅक्टर नव्हते, गर्दी नव्हती, तरी संपेना. मी सायलीच्या पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल शोधत होतो. मला काही लागत नव्हतं. आपण पुन्हा दोघंच घरी येणार, किंवा मी एकटाच येणार, असं मनात येत होतं आणि मी मोठमोठ्यानं काहीतरी बडबडत होतो. मागच्या काचेतून आत्या दिसत होती. ती दांडा धरून उभी होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

दवाखान्यात सायलीला लगेच आत नेलं. इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेर बाकावर. मी आत्याला म्हणालो, "काय तरी बोल की." ती बोलेना. पुन्हा म्हणालो, तरी नाही. नर्स शेजारून जाताना थबकली आणि म्हणाली, "या आजींना काय झालंय? ओठ बघा ना."

आत्याचे ओठही सुजले होते. जीभ तोंडात मावत नव्हती. म्हणजे सायलीला वाढण्याआधी तिनं भाजी खाऊन पाहिली होती. तिला आतून खाजत होतं, जळत होतं, आणि तरी तिनं ताट वाढलं होतं. मला एकदम राग आला. नर्सनं तिलाही आत नेऊन इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की सूज उतरतेय आणि बाळाचे ठोके चांगले आहेत. मी बाकावर बसून ओक्साबोक्शी रडलो. आत्या रडली नाही. तिची जीभ तोवर हलायला लागली होती.

"तुला तोंडात जळत हुतं," मी म्हणालो. "मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं पदरानं ओठ टिपले.

"मला वाटलं, माझंच भ्या हाय," ती म्हणाली. "सगळी हसत्यात. म्हटलं, आज तरी गप ऱ्हावं."



सायली घरी आली आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. मुलगी धडधाकट होती. रडायला लागली की पार शांताकाकूंच्या घरात ऐकू जायचं. पण आत्या बदलली. तिनं चुलीला आणि गॅसला हात लावणं सोडलं. म्हशी बघायची, दूध घालून यायची, बाळाचे कपडे वाळत घालायची, पण कुणाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःहून द्यायची नाही. आम्ही दोघंही तिला कधी टोचून बोललो नाही. सायलीची आई बारशाला आली तेव्हा तर तिनंच आत्याचे पाय धरले. "माझीच चूक. मी सांगायला हवं होतं." आत्या नुसती म्हणाली, "न्हाय बाई. लेक तुमची हुती, पर दार माझं हुतं." आणि "मला भ्या वाटतंय" हे तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही. वस्तीवर लोक म्हणाले, ठकूबाई सुधारली. मला ते घर रिकामं वाटायचं. सकाळी गाडीला किक मारून मी उगाचच थोडा थांबायचो, पण उंबऱ्यात कुणी येत नसे.

दुसऱ्या ज्येष्ठात सायलीची आई स्वतः शेवळं घेऊन आली. मला ते पटलं नव्हतं. पण सायली म्हणाली, "या घरातून ती भीती काढायची असेल तर भाजी व्हायलाच हवी." मायलेकींनी अंगणात बसून शेवळं निवडली. पिवळे दाणे वेगळे काढून लांब नेऊन टाकले. आत्या गोठ्याच्या दाराशी बसून पाहत होती. बाळ तिच्या मांडीवर होतं.

भाजी झाली. ताटं वाढली. सायलीनं घास उचलला आणि तोंडाशी नेला.

"सायले, जरा थांब."

आत्या दारात उभी होती. बाळ काखेत, आणि रिकामा पंजा पोटावर.

"मला भ्या वाटतंय," ती म्हणाली.

सायलीनं घास ताटात परत ठेवला. काही होत नाही हो, असं म्हणाली नाही. तिची आई काहीतरी बोलणार होती, तिला सायलीनं नजरेनंच थांबवलं. मग ती सरकली आणि शेजारी जागा केली. "या आत्या. बघा तुम्ही."

आत्यानं बाळ माझ्याकडे दिलं. ती बसली, सायलीचं ताट दाराच्या उजेडाकडे ओढलं आणि बोटांनी भाजी पसरून एकेक तुकडा बघायला लागली. उलटून, दाबून, डोळ्यांजवळ नेऊन. भाकऱ्या गार झाल्या. आम्ही सगळे ताटांपुढे हात आवरून बसलो होतो. कुणी हसलं नाही. बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं. शेवटी आत्यानं ताट सायलीपुढे सारलं.

"खा," ती म्हणाली.

सायली खायला लागली. आत्या तिच्यासमोर तशीच बसून राहिली. तिची नजर सायलीच्या गळ्यावर होती. सायली एकेक घास गिळत होती आणि प्रत्येक घासाला आत्याही गिळत होती. तिच्या तोंडात काही नव्हतं.